दोन बहिणी, एक आजोबा आणि एक झाडू

कानताईची खोली इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. खोलीच्या आत आणखी एक खोली आहे, कपाटाएवढी, जाड दाराची, आतून करड्या स्पंजने मढवलेली. कान तपासायला आलेल्या माणसाने त्या कपाटात बसायचं, हेडफोन चढवायचे, हातात बटण धरायचं आणि 'पीं' असा आवाज आला की दाबायचं. कानताई काचेच्या अलीकडे बसून एकेक पीं आत सोडते. आधी ठळक, मग पुसट, मग इतकी पुसट की ती खरंच आली की नुसता भास झाला, असा प्रश्न पडावा. आधी जाड आवाजाची, मग चढत चढत सुईसारखी बारीक. समोरच्या कागदावर उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्यासाठी निळ्या फुल्या मांडत जायच्या.

एकवीस वर्षं हे काम केल्यावर तिला माणसं तोंडावळ्यापेक्षा बटण दाबण्यावरून जास्त कळतात. काही जण पीं यायच्या आधीच दाबून मोकळे होतात. काही जण ऐकू आलं तरी दाबत नाहीत. पुन्हा एकदा आली तर बघू, असा त्यांचा हिशेब. एका आजीबाईंनी दर वेळी बटण दाबून वर "आली हो" असंही कळवलं होतं, कारण बटणावर त्यांचा भरवसा नव्हता. कानताईला असली माणसं आवडतात. ती कोणाला घाई करत नाही.

पण तिच्या स्वतःच्या कानांचं शिक्षण इस्पितळात झालेलं नाही. ते झालं मामाच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये.

शाळेच्या मागच्या गल्लीत मामाने एक बंद पडलेलं चपलांचं दुकान घेतलं होतं. लांबट, अरुंद, बोगद्यासारखं. त्यात पाच टीव्ही, पाच मशीन, पाच बाकडी. दुसरा कोणी असता तर त्याने टीव्ही भिंतीला टेकवून लावले असते. मामाने ते आपल्या टेबलाकडे पाठ करून लावले. पडदा बघायला पोरं आहेत, पोरांना बघायला मी, असं त्याचं म्हणणं. कानताईची आई संध्याकाळपर्यंत कामावर असायची, म्हणून शाळा सुटली की ती दप्तर घेऊन मामाच्या टेबलाशी येऊन बसायची आणि गृहपाठ करायची. समोर पाच टीव्हींच्या गरम, धुळकट पाठी, वायरींचा गुंता आणि त्याच्या पलीकडे निळ्या उजेडात उघड्या तोंडाने बसलेले चेहरे. पडद्यावर काय चाललंय ते तिला सहा वर्षांत फारसं कधी दिसलंच नाही. ऐकू मात्र सगळं यायचं.

सगळ्यांचा लाडका गेम होता छपरावरच्या पोस्टमनचा. पोस्टमनने छपरांवरून उड्या मारत घराघरात पत्रं टाकायची, एवढंच. छपरावर असेपर्यंत चाल टुणटुणीत. गटारात पडला की तीच चाल ओली झाल्यासारखी, जड पावलांची. वेळ संपत आली की तीच पुन्हा, पण दुप्पट घाईत, पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी. कानताई गणितं सोडवता सोडवता मान वर न करता म्हणायची, "दोन नंबरचा आता जातोय." आणि दोन नंबरचा जायचा. पोरं तिला चेटकीण समजायची.

पुढे कितीतरी वर्षांनी इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरने तिला तोच गेम मोबाइलवर दाखवला. ते गटार तिच्या मनात केवढं तरी होतं. खांब होते, हिरवं पाणी होतं, वरून थेंब गळत होते. मोबाइलवर तीन तपकिरी रेघा निघाल्या. तिला फसवल्यासारखं झालं. मग तिने मोबाइल टेबलावर उपडा ठेवला आणि नुसतं ऐकलं. गटार जिथल्या तिथे होतं, खांबांसकट.

या चालींचं व्याकरण तिला मामानेच शिकवलं होतं. या मशीनला गळे फक्त चार, तो सांगायचा. दोन बहिणी. थोरली गाते आणि धाकटी तिच्या पायात पाय घालत मागेमागे पळते. खाली एक आजोबा, त्यांचं आपलं हुं, हुं, हुं. आणि चौथा, त्याला गाताच येत नाही. तो नुसताच छिस, छिस करतो. तो झाडू.

"गाता येत नाही तर ठेवलाय कशाला?" तिने विचारलं होतं.

"घरात दोघी बडबडतायत, म्हातारा हुंकार भरतोय आणि कोणीतरी झाडतंय. त्यातलं झाडणं काढून टाक. मग घरात कोणी राहत नाहीसं वाटतं."

ते तिला त्या वयात कळलं नाही, पण पाठ झालं. पार्लरमध्ये हे शब्द सरसकट चालायचे. तीन नंबरच्या आजोबांचा घसा बसलाय म्हटलं की पोरं समजायची की तीन नंबरचा स्पीकर गेलाय. धाकटी बहीण रुसली की मामा मशीनमधली गेमची कॅसेट काढायचा, तिच्या कडेच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा, पुन्हा बसवायचा. फुंकर मारणाऱ्या पोरांना तो ओरडायचा. थुंकी उडते आणि दात गंजतात, म्हणायचा.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि पार्लर ओस पडलं. मामाने टीव्ही दुरुस्तीचं दुकान केलं. टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवे घेणं लोकांना सोपं वाटायला लागलं, तसा तो पंखे, इस्त्र्या, घंटा, जे येईल ते दुरुस्त करू लागला. आता तो त्र्याहत्तर वर्षांचा आहे. दुकान नाही, पण शेजारपाजारचे लोक अजून बिघडलेल्या वस्तू आणून देतात आणि हात रिकामे नाहीत म्हणून तो खूश असतो.

हात चालू होते, कान मात्र मागे पडत चालले होते.

चार वर्षांपासून हे सगळ्यांना दिसत होतं, मामा सोडून. टीव्हीचा आवाज इतका वाढत गेला की शेजारच्यांना बातम्यांसाठी टीव्ही लावायची गरज उरली नाही. कोणी काही विचारलं की मामा आधी "हो हो" म्हणायचा आणि मग प्रश्न काय असेल याचा अंदाज घ्यायचा. कानताईने त्याला चार वेळा तपासणीला बोलावलं. पहिल्या वेळी तो म्हणाला, मला ऐकू येतं, तुम्ही सगळे पुटपुटता. दुसऱ्या वेळी म्हणाला, हल्ली लोकांना तोंड उघडायचा आळस आलाय. तिसऱ्या वेळी म्हणाला, तुझा धंदाच तो, तुला सगळं जग बहिरंच दिसणार. चौथ्या वेळी त्याने "हो हो" म्हटलं आणि आला नाही. त्याला प्रश्न तरी ऐकू आला होता की नाही, कोण जाणे.

यातलं बाकी सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. एका गोष्टीचं मात्र तसं नव्हतं. मामाची मुलगी दूर दुसऱ्या देशात राहते. तिची मुलगी सात वर्षांची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. दर रविवारी सकाळी फोन. व्हिडिओ कॉल म्हणायचा, पण नात मोबाइल हातात घेऊन घरभर हिंडते, त्यामुळे पडद्यावर बहुतेक वेळ त्यांच्या घराचं छतच दिसतं. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी तिने छताआडून काहीतरी लांबलचक सांगितलं आणि मामा आनंदाने म्हणाला, "शाब्बास." पलीकडे एकदम शांत झालं. ती सायकलवरून पडली होती आणि हाताला प्लास्टर घातलंय, असं सांगत होती.

तेव्हापासून नात फोन लागला की म्हणायची, आजीला दे. आणि मामाला रविवारी सकाळी नेमकं गच्चीत काहीतरी काम निघू लागलं. कुंड्या सरकवायच्या, दोरी ताणून बांधायची. फोन संपला की तो खाली यायचा आणि काय म्हणत होते सगळे, असं विचारायचा. मामीने कानताईला हे सांगितलं तेव्हा ती पुढे म्हणाली, "सात वर्षांची पोर आहे गं. अजून दोन वर्षं असंच गेलं ना, तर यांना ती ओळखणार फक्त फोटोतून."

अशात एक दिवस संगीतशिक्षक मामाकडे आला. जवळच्या संगीत वर्गात तो कीबोर्ड शिकवतो. वय चाळिशीच्या आतबाहेर, डोक्यावरचे केस मागे हटलेले. मामाने त्याला ओळखलं नाही. "काका, दोन नंबरच्या टीव्हीवर बसायचो मी," तो म्हणाला, आणि मामाने त्याला घट्ट मिठी मारली. वाचनालयाच्या सभागृहात जुन्या गेमच्या संगीताची एक संध्याकाळ करायची होती. वाजवणारे आठ जण होते. पण सुरुवात खऱ्या मशीनने व्हावी, असं त्याच्या मनात होतं. इंटरनेटवर सगळं मिळतं, पण ते धुऊन पुसून ठेवलेलं असतं, त्याने सांगितलं. मशीन स्टेजवर असावं आणि त्याच्या पोटातून पोस्टमन निघावा.

मामाला आभाळ ठेंगणं झालं. त्याने माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. दोन मशीन शाबूत होती. पोस्टमनच्या दोन कॅसेट होत्या. त्याच दिवशी जोडाजोड करून त्याने बटण दाबलं, डोळे मिटून ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला.

पुढचं कानताईला मामीच्या फोनवरून कळलं. तुझ्या मामाने जेवणाचं टेबल बळकावलंय, मामी म्हणाली. दहा दिवस आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतोय. मशीन उघडतात, मिटतात, तो पोस्टमन सकाळपासून उड्या मारतोय. त्या मास्तरला परत पाठवलं, बिघडलेला माल देणार नाही म्हणून. कार्यक्रम पुढच्या शनिवारी आहे आणि तो बिचारा रोज जिन्यात उभा राहून जातो. काय बिघडलंय ते मला काही सांगत नाहीत. तू ये.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, शनिवारी दुपारी कानताई गेली. मामाचं घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावरच तिला पोस्टमन भेटला. दुसऱ्या मजल्यापर्यंत तिची पावलं पायऱ्यांवर ठेक्यात पडू लागली. थोरली गात होती, धाकटी तिच्या पायात येत होती, आजोबा हुंकार देत होते, झाडू झाडत होता. एवढी वर्षं पेटीत राहून चौघंही ठणठणीत होते. ती हसतच दारातून आत शिरली.

मामा टेबलावर वाकला होता. सोल्डरचा धूर त्याच्या चष्म्यावर चढत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बरं झालं आलीस, ठमे. झाडू गेलाय."

तिचं हसू ओठावरच राहिलं. मशीन दोन हातांवर वाजत होतं आणि त्यातून झाडू एवढा स्वच्छ येत होता की डोळ्यांपुढे धूळ उडावी. तिने मामाकडे पाहिलं. तो खरोखर कान देऊन ऐकत होता, मान एका बाजूला कलती करून, तिच्या लहानपणी ऐकायचा तसाच. आणि तो नाही, नाही अशी मान हलवत होता.

कपाटातल्या पींला माणूस फसवू शकतो. अंदाजाने बटण दाबू शकतो. इथे तसं नव्हतं. या चालीतला प्रत्येक ठिपका मामाला तोंडपाठ होता. काय यायला हवं ते ठाऊक असलेला माणूस काय आलं नाही ते सांगत होता. एकवीस वर्षांत इतकी चोख तपासणी तिने केली नव्हती. आता निकाल सांगायचा होता, आणि तो सरळ सांगितला तर पाचव्यांदा काय होणार हेही तिला माहीत होतं.

ती खुर्ची ओढून बसली. काय काय करून पाहिलंस, तिने विचारलं, पुरेशा मोठ्याने.

मामाने वही पुढे सरकवली. मामाच्या कामाची एक रीत होती, पार्लरपासूनची. एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोष त्या वस्तूबरोबर निघून गेला तर चोर सापडला. दोष जागच्या जागी राहिला तर वहीत लिहायचं आणि जे बदललेलं नाही त्याच्याकडे वळायचं. दोन वस्तू एकदम बदलणाऱ्या माणसाला तो मेकॅनिक म्हणायचा नाही, जुगारी म्हणायचा. इस्पितळात हेडफोन बिघडला की कानताई आजही तसंच करते. वहीत तारखा होत्या आणि मामाचं सुबक अक्षर. कॅसेट साफ केली, झाडू नाही. दुसरी कॅसेट, झाडू नाही. दुसरं मशीन, झाडू नाही. वायर नवी, झाडू नाही. शेजारचा टीव्ही आणून लावला, झाडू नाही. स्पीकर बदलला, झाडू नाही.

ती शेवटपर्यंत वाचत गेली. मग पुन्हा वरून वाचलं. मामा तिच्या तोंडाकडे बघत होता, शिष्याने गणितात चूक काढावी अशा आशेने.

"मामा, सगळं बदललंस?"

"सगळं. आता काही उरलं नाही."

"एक उरलंय."

"काय?"

"ऐकणारा."

मामाने चष्मा काढला. पोस्टमन छपरावरून उतरून पुन्हा पहिल्या छपरावर आला, चाल पहिल्यापासून सुरू झाली. कानताईला वाटलं, आता हा उठून गच्चीत जाणार. पण नियम त्याचाच होता, आणि आपल्याच नियमावर रागावणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"म्हणजे तुला येतोय?"

"जिन्यात येत होता."

मामाने वहीत लिहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये. यात झाडू वाजतोय का?"

मामी हात पुसत आली. "कसला झाडू?"

"छिस, छिस असं."

"अहो, दहा दिवस तेच तर माझ्या डोक्यात झाडतंय," मामी म्हणाली. "तो बंद करायला बसलायत असं वाटलं मला."

मामाने तेही लिहिलं. तेवढ्यात दारात कुरिअरवाला आला. मामाने त्याला आत घेतलं, टेबलापाशी उभा केला आणि ऐकायला लावलं. कुरिअरवाल्याने पार्सल काखेत धरून दोन मिनिटं ऐकलं. छिस छिस येतंय का, या प्रश्नावर तो म्हणाला, येतंय काका, हे लहानपणी आमच्याकडेही होतं, इथे सही करा. जाताना तो जिन्यात तीच चाल गुणगुणत गेला. ते कानताईला ऐकू आलं, मामाला नाही.

वहीत तीन नव्या ओळी झाल्या होत्या. भाची, झाडू आहे. बायको, झाडू आहे. कुरिअर, झाडू आहे. मामाने त्यांच्याखाली एक रेघ मारली, मशीनचं झाकण लावलं, चारही स्क्रू एकेक करून पिळले. मामी काही बोलणार होती. कानताईने तिला डोळ्यांनी थांबवलं.

"तुझ्या त्या कपाटात," मामा स्क्रूवरची नजर न काढता म्हणाला, "सोमवारी जागा आहे का?"

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. कपाटात ताठ बसला. कानताईने पीं सोडायला सुरुवात केली आणि काचेतून त्याच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. तो अंदाजाने दाबत नव्हता. जाडे आवाज त्याने झटपट घेतले. मधल्यांना त्याचा अंगठा थबकू लागला. बारीक आवाजांपाशी तो नुसताच बसून राहिला, बटण धरून, पाहुण्यांची वाट बघत बसल्यासारखा. लाल गोल आणि निळ्या फुल्या डावीकडे वरच्या अंगाला रांगेत चालत होत्या, मध्यावर पोचल्या आणि जिना उतरावा तशा उजवीकडे खाली खाली गेल्या.

बाहेर आल्यावर त्याने कागद मागितला. हा बिघाड काय आहे ते समजल्याशिवाय तो दुरुस्तीची गोष्ट करणार नव्हता. कानताईने पेन्सिलीने दाखवलं. इथे डावीकडे जाडे आवाज, आजोबा इथे राहतात, ते तुला नीट येतात. मध्ये दोघी बहिणी, त्याही बऱ्यापैकी. आणि इथे, अगदी उजवीकडे, जिन्याच्या तळाशी, झाडू.

मामाने त्या जागेवर बोट ठेवलं. मग त्याने विचारलं, तिथे आणखी कोण राहतं.

स, श, फ, तिने सांगितलं. कुजबुज. घड्याळाची टिकटिक. बायकांच्या बोलण्यातली टोकं. आणि लहान मुलं बोलतात त्यातला पुष्कळसा भाग.

"म्हणजे ती झाडूच्या शेजारी राहते," मामा म्हणाला.

कोण, ते तिने विचारलं नाही.

"ती प्लास्टर म्हणाली ना, मला 'पा' तेवढं आलं. मी म्हटलं, पास झाले म्हणतेय. परीक्षेचे दिवस होते. म्हणून मी शाब्बास म्हटलं, ठमे. मी आपला खूश होतो. फोन ठेवल्यावर तुझ्या मामीने सांगितलं." त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "कानाचं यंत्र कधी मिळेल?"

यंत्र यायला दोन आठवडे लागणार होते. वाचनालयातला कार्यक्रम त्याआधी होता, त्याच शनिवारी. मामाने मशीन स्वतः नेऊन दिलं. संगीतशिक्षकाने बिघाड काय निघाला असं विचारलं, तर मामा म्हणाला, "बिघाड माझ्याकडे होता, मशीनवर उगीच आळ आला." संगीतशिक्षकाला हा विनोद वाटला आणि तो मनापासून हसला. मामाही हसला.

सभागृह भरलेलं होतं. कानताईने आजूबाजूला पाहिलं तर बहुतेक लोक तिच्या वयाचे: पोटं सुटलेले, चष्मे लागलेले, एकदोघांच्या मांडीवर पेंगुळलेली मुलं. दिवे मंद झाले, स्टेजवरच्या मशीनचा लाल ठिपका लागला आणि पोस्टमनने पहिली उडी मारली. दोनशे माणसांच्या तोंडून एकाच वेळी असा एक आवाज निघाला, गरम पाण्यात पाय सोडल्यावर निघतो तसा.

संगीतशिक्षकाने मध्येच माइक घेऊन थोडं बोलून घेतलं. ज्यांनी ही चाल बांधली त्यांच्याकडे चारच गळे होते आणि जागा इतकी कमी की सगळं एका मिनिटात बसवायचं. ते मिनिट पोरं हजार वेळा ऐकणार, हे त्यांना माहीत होतं. हजाराव्या वेळीही जी टोचणार नाही अशी चाल करून बघा एकदा, तो म्हणाला. मी रोज प्रयत्न करतो. माझी तिसऱ्या वेळीच टोचते.

कानताईला ते पटलं, पण तिच्या मनात आणखी एक होतं. चारच गळे, म्हणून प्रत्येक जण वेगळा ऐकू यायचा. गर्दीत कोण गेला ते कळत नाही. चौघांच्या घरातून एक जण गेला तर दहा दिवस जेवणाचं टेबल अडतं.

ती शेजारी बसलेल्या मामाकडे वळली. त्याला झाडू ऐकू येत नव्हता; कागद तिच्याच हातचा होता. मामा समोर बघत होता, चेहरा शांत. पण खुर्चीच्या हातावर त्याचं एक बोट हलत होतं. छिस, आणि बोट टेकलं. छिस, छिस, आणि बोट दोनदा टेकलं. घाईच्या चालीत झाडू दुप्पट वेगाने धावला तेव्हा बोटही धावलं. तिने शेवटपर्यंत लक्ष ठेवलं. एकही ठोका चुकला नाही.

यंत्रं आली. दोन्ही कानांमागे बसणारी, शेंगदाण्याएवढी. पहिल्या चार दिवसांत मामाने कानताईला नऊ फोन केले. फ्रिज सारखा कण्हतो. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं होतं. स्वतःच्या चपला मागून कोणी येतंय अशा वाजतात. आणि तुझी मामी काम करताना गुणगुणते, ही सवय तिला कधी लागली? लग्नाआधीपासून आहे, असं मामीने पलीकडून सांगितलं. कानताईने यंत्राचा आवाज थोडा उतरवून दिला आणि रोज थोडा थोडा वेळ घालायला सांगितलं. मामाने वही काढली आणि वेळा लिहायला सुरुवात केली.

रविवारी सकाळी तो गच्चीत गेला नाही. मोबाइलसमोर खुर्ची घेऊन बसला. फोन लागला, छत दिसलं, आणि छताआडून आवाज आला, "आजीला दे."

"आजी कामात आहे," मामा म्हणाला. हे खरं नव्हतं. मामी त्याच्या खुर्चीमागेच उभी होती. "तुझ्या हाताचं प्लास्टर कधी निघालं, ते सांग आधी मला."

मग नातीने जरा तुटकपणे सांगितलं की ते केव्हाच निघालं, आणि त्यावर सगळ्या वर्गाच्या सह्या होत्या, आणि तुम्ही शाब्बास का म्हणालात? मामाने तिला सगळं सांगितलं. आजोबांच्या कानातला बारीक आवाजांचा कप्पा बंद पडला होता, त्यांना 'पा' ऐकू आलं, पुढचं त्यांनी मनाने जोडलं आणि चुकीचं जोडलं. चूक तुझी नाही, फोनची नाही, माझी. आता कानाला यंत्र लावलंय. नातीला यंत्रामध्ये फार रस वाटला. बॅटरी कुठे असते, झोपताना काढता का, पावसात भिजलं तर काय होतं, असं सगळं तिने विचारून घेतलं. मामा उत्तरं देत होता आणि मान एका बाजूला कलती करून ऐकत होता. एकाएकी तो म्हणाला, "थांब. सायकल म्हण."

"सायकल."

"आता सात म्हण. सरबत म्हण." तिने दोन्ही म्हटलं. "हं. समोरचा दात पडला ना गं तुझा?"

छत गरकन फिरलं आणि पहिल्यांदाच पडद्यावर एक चेहरा आला, मधोमध खिंडार असलेला. "तुम्हाला कोणी सांगितलं? मी आईलाही दाखवला नाही अजून. आत्ता आंघोळ करताना पडला."

"वरचा," मामा म्हणाला. "डावा की उजवा ते दोन वाक्यं बोललीस तर सांगतो."

ती दोन वाक्यं बोलली. मग शंभर बोलली. डावा म्हणून सांगितल्यावर तो उजवा निघाला, त्यावर वाद झाला, आरशात बघून ठरवायचं की समोरून बघून, यावर आणखी वाद झाला. पाऊण तास झाला तरी आजीचं नाव कोणी काढलं नाही. मामी या पायावरून त्या पायावर होत राहिली, एकदा आत जाऊन आली, आणि शेवटी दाराच्या चौकटीला टेकून स्वतःशीच पुटपुटली की आता काय, माझा नंबर संध्याकाळपर्यंत लागायचा नाही, या माणसाला यंत्र लावलं तेच चुकलं.

"ऐकलं मी," मामा मागे वळून न बघता म्हणाला.

हे सगळं कानताईला मामीनेच सांगितलं, त्याच दुपारी, फोनवर. आणि सांगताना तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं.